भरली किटली परत आली

अगं ये, अशी जवळ ये. कागदावर लिहिलंय म्हणून लांबून वाचायचं, असं कुणी सांगितलं? पाट ओढ, नीट बस. आधी मी तुला रागावणार आहे.

ओतूरच्या बाजारात एक बाई तुला म्हणाली, "तुमच्या मावशीच्या दुधात पाणी निघालं म्हनं." आणि तू काय केलंस? ऐकून घेतलंस. वर तिच्याकडूनच मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी गेलीस. तिथल्या तिथं "कुणाबद्दल बोलताय, बाई?" असं विचारायचं सोडून भाजी निवडत बसलीस, आणि पंधरा दिवसांनी फोनवर हळूच मला विचारतेस, "मावशी, खरंय का गं?" खरंय का गं म्हणे! तुझी आई आणि मी एकाच शेळीच्या दुधावर वाढलो. तुला मावशी माहीत नाही?

फोनवर मी मुद्दामच काही बोलले नाही. मध्येच रेंज गेली की गोष्ट अर्धी राहते, आणि अर्ध्या गोष्टीनंच माझा घात केलाय. म्हणून सगळं लिहून काढते. तुला ठाऊक असलेलंही सांगेन, कंटाळू नको. म्हातारपणी माणूस पहिल्यापासूनच सांगतं.

आमचं गाव निरगुडसरच्या अंगाला. इथं माणसाची पत दोन ठिकाणी कळते. भावकीच्या वाटणीत तो कसा वागला, आणि डेअरीत त्याच्या दुधाला फॅट किती लागतं. मी सून होऊन आले तेव्हा गोठ्यात एक म्हैस होती. आज मी तिच्या नातीची धार काढते. धाकट्या पोराचा जर्शी गायींचा गोठा वेगळा, ते दूध मशीननं निघतं आणि टेम्पोतून जातं. म्हैस मात्र माझी. धार मी काढायची, किटली मी न्यायची. धार काढायच्या आधी हात धुते, ते पदराला कोरडे करते आणि मगच कासेला लावते. बाहेरचा एक थेंब आत जायला नको. गावात कुणाचं लेकरू आजारी पडलं की वाटीभर दूध माझ्याकडून नेतात.

डेअरीचा सचिव बाकी सगळ्यांच्या किटल्या पळीनं ढवळून नमुना स्वतः काढतो. मला मात्र म्हणायचा, "आजी, तुमचं तुमी वता." बस्स. या एका वाक्यासाठी मी पहाटे उठत होते म्हण ना.

आमच्या घरात माणसं चार आणि दुधंही चार. म्हणजे तीन उघड, एक मनातलं.

आमच्या म्हाताऱ्याला म्हशीचंच लागतं, साय न हटवता. जर्शीच्या दुधाचा चहा पुढं आला की कपात डोकावून म्हणतं, "ह्यात माझं तोंड दिसतंय." पोराला जर्शीचं आवडतं. एकदा म्हणाला, "म्हशीच्या दुधानं माणूस म्हशीवानी बसून राहतो, जर्शीच्या दुधानं कामाला लागतो."

म्हातारं म्हणालं, "मंग तू कवा लागनार?"

सून तुमच्या ओतूरचीच. तिच्या वडलांचं एसटी स्टँडासमोर चहाचं दुकान, ती जन्मभर पिशवीच्या दुधाच्या चहावर वाढलेली. दारात गायी-म्हशी उभ्या, रोज किटल्या भरून दूध बाहेर जातं, आणि फ्रिजमध्ये मेथीच्या मागं हिची एक पिशवी लपवलेली असते. मला सापडली तेव्हा म्हणाली, "आई, रागावू नका. पण चहाला चहाचा वास यावा, गोठ्याचा न्हाई."

आणि मनातलं म्हणजे माझं. आपण डोंगराकडची माणसं. भात, नाचणी आणि दारात शेळी. शेळीच्या दुधाचा गुळाचा चहा प्यायल्याशिवाय तुझी आई आणि मी डोंगर चढत नव्हतो. लग्न होऊन खाली आले, तर पहिल्याच आठवड्यात सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "शेळीच्या दुधाचा वास येतो बाई, अन् पिनाऱ्याचाबी येतो." मी त्याच दिवशी तोंड शिवलं. पुढची सगळी वर्षं जो येईल त्याला म्हशीचं दूध पाजत राहिले. पाहुणा असो, पोस्टमन असो, नात असो, हातात ग्लास. नको म्हटलं तर दुसरा.

तर आता नात. थोरल्याची लेक, पुण्यात नोकरीला आहे. तीन वर्षं गावाला धड मुक्कामाला आली नव्हती. सकाळी यायची, संध्याकाळी "काम आहे आजी" म्हणून पळायची. या खेपेला चार दिवसांसाठी आली, आणि बॅगेतून कपड्यांच्या आधी चार खोकी काढून ओट्यावर मांडली.

"हे काय गं?"

"बदामाचं दूध. मी हेच पिते आता. साधं दूध मला पचत नाही, आजी."

"साधं? आपल्या म्हशीचं दूध साधं?"

"तसं नाही गं. कुठलंच पचत नाही. पोट दुखतं."

"ल्हानपनी तर ग्लास रिकामा करून द्यायचीस. मी सोताच्या हातानं भरत व्हते."

तिनं ओठ दाबले, इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाली, "ते मी मांजराला पाजायचे."

तुला ते मांजर आठवतं का? उंदीर नाकासमोरून गेला तरी शेपूट हलवायचं नाही. शेजारणी म्हणायच्या, गाभण आहे, जपा. आणि तो बोका होता! माझ्या म्हशीचं दूध वर्षानुवर्षं त्या बोक्याच्या अंगी लागत होतं आणि मी लोकांना सांगत होते, नातीचे केस बघा कसे काळेभोर आहेत ते, सगळा दुधाचा गुण.

हसू आलं, पण आत कुठंतरी टोचलंही. पोरगी मुक्कामाला का येत नव्हती ते तेव्हा कळलं. सकाळी उठलं की मी ग्लास घेऊन पुढं उभी.

बरं, मी त्या खोक्यातलं घोटभर घेतलं. वाईट नव्हतं. पण बदाम भिजवून वाटले, पाणी घातलं, गाळलं. त्याला दूध कसं म्हणायचं?

"हे दूध नव्हं, वाटण हाय," मी म्हटलं.

"बरं, वाटण."

"फॅट किती लागतं?"

"खोक्यावर लिहिलंय."

"लिहायला काय, कुनीबी लिहितं. मशीन काय म्हनतं ते खरं."

ती हसून आत गेली. मला मात्र चैन पडेना. नव्या माणसाला जसं आपण आधी गाव विचारतो, तसं आमच्या इकडं दुधाला आधी फॅट विचारतात. आणि माझ्या दुधाला बाजूला सारून पोरीनं जे जवळ केलं, ते कितीचं आहे हे मला कळायला नको?

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेतली आणि सुनेच्या हळदी-कुंकवात आलेल्या छोट्या स्टीलच्या डबीत बदामाचं दूध भरून कनवटीला लावलं. डेअरीत गर्दी होती. माझी पाळी आली. सचिवानं माझा नंबर दाबला आणि वहीत डोकं घालून म्हणाला, "आजी, तुमचं तुमी वता." मी मागं पाहिलं, पुढं पाहिलं आणि मशीनच्या कपात डबी ओतली. म्हटलं, गुपचूप आकडा बघू, मग कप धुऊन म्हशीचं ओतू. घरात वजनकाट्यावर आपण उगीच एकदा उभं राहतो ना, तसं.

पण मशीन नवीन होतं गं. जुनं आपल्यापुरतं बोलायचं. या नव्याचे लाल आकडे भिंतीवरून सगळ्या गावाला दिसतात, चिठ्ठी आपोआप निघते आणि घरच्या मोबाइलवर मेसेज जातो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं दूध रोज चांगलंच लागायचं, मी भिंतीकडं कशाला बघतेय?

भिंतीवर आलं: फॅट एक पॉइंट एक. आणि खाली पाणी, निम्म्याच्या वर.

सचिवानं वहीतून मान वर केली. "आजी?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या मागं कोण उभी होती माहीत आहे? माझी चुलत जाऊ. तीच ती, जिची लेक ओतूरला दिलीय. तिच्यासमोर मी काय सांगू? मी मशीनला फसवलं म्हणून? का माझ्या सख्ख्या नातीला माझं दूध चालत नाही म्हणून? जाऊ म्हणाली, "काय गं बाई, आज म्हैस धुतली का दूध धुतलं?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "किटली नीट पुसली नसंल."

झालं! पाणी आहे हे मीच कबूल केलं.

डेअरीचा नियम असा, मशीननं पाणी दाखवलं की दूध परत. संध्याकाळी पुन्हा नमुना. तोही तसाच निघाला तर नाव फळ्यावर. सचिव खाली बघत म्हणाला, "आजी, नियम हाय वं. मी तरी काय करू?" आणि माझी किटली माझ्याकडं सरकवली.

भरली किटली डेअरीतून परत आणणं म्हणजे काय, ते तुला ओतूरला कळायचं नाही. रिकामी किटली वाजते, भरली वाजत नाही. न वाजणारी किटली घेऊन बाई डेअरीकडून घराकडं चाललीय, एवढ्यावर गाव सगळं समजतं. वाटेत दोघं-तिघं आपापल्या किटल्या घेऊन समोरून आले. "काय आजी, डेअरी बंद हाय का?" मी पटकन म्हटलं, "हां, बंद हाय." ते बिचारे तिथूनच माघारी फिरले. एका खोट्यातून सुटायला दुसरं बोलले, आणि गावाचं दूध घरी राहिलं.

घरी पोचले तर मेसेज माझ्या आधी पोचलेला. पोरगा मोबाइल हातात घेऊन गोठ्यात उभा. "आई, म्हशीला काय झालं? फॅट एकवर आलंय!" त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही की आईनं पाणी घातलं असेल. तो सरळ म्हशीवर गेला. त्यामुळं तर मला बोलताच येईना. म्हाताऱ्यानं म्हशीपुढं सरकी पेंड ओतली, सुनेनं तिच्या कपाळाला हळद लावली, आणि परत आलेल्या दुधाचं काय करायचं म्हणून चुलीवर बासुंदी चढवली. घरात सुतक आणि चुलीवर बासुंदी, असलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. म्हशीचे कान धरले, ताप पाहिला, कास दाबली.

"खाणंपिणं कसं आहे?"

म्हातारं म्हणालं, "रात्री दोन भाकरी जास्तच खाल्ल्या."

"मी म्हशीचं विचारतोय."

"मीबी म्हशीचंच सांगतोय. आमी शिळ्या भाकरी तिलाच घालतो."

डॉक्टर विचारात पडला. म्हणाला, "बाहेरून काही दिसत नाही, पण फॅट एका रात्रीत एवढं पडत नसतं. आत काहीतरी मोठं असणार. तीन इंजेक्शनं आज देऊन ठेवतो." आणि त्यानं सुई काढली. ती सुई म्हणजे स्वेटर विणायचीच.

म्हशीनं माझ्याकडं पाहिलं. अगं, खरंच पाहिलं. हिच्या आजीची धार मी काढली, आईची काढली. या तिघींनी मला कधी लाथ मारली नाही, आणि आज माझं नाव राखायला मी हिला भोसकू देते?

"थांबा डाक्टर! तिला काय झालेलं न्हाई. ते दूध तिचं नव्हतंच."

"मग कुणाचं?"

"बदामाचं."

डॉक्टरनं सुई परत डब्यात ठेवली आणि म्हणाला, "बदामावर माझ्याकडं औषध नाही, आजी."

मी सगळं सांगितलं. पोरगा डोक्याला हात लावून बसला. नात गोठ्याच्या दारात उभी होती. मला वाटलं हसेल, पण ती हसली नाही.

"आजी, मला विचारलं असतंस तर आख्खं खोकं दिलं असतं तुला. तू विचारत का नाहीस कधी? मला काय आवडतं, तेसुद्धा कधी विचारलं नाहीस."

"मला तरी कुनी इचारलं?" हे माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे.

"बरं, मी विचारते. तुला कुठलं दूध आवडतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टरसुद्धा निघता निघता थांबला.

"शेळीचं," मी म्हटलं.

म्हाताऱ्याच्या हातातून पेंडीचं घमेलं पडलं. "शेळीचं? अगं, इतकी वर्सं माझ्यासमोर बसून म्हशीच्या दुधाचा च्या पितीस की!"

"तुमच्यासमोर बसायचं व्हतं म्हनून पीत व्हते."

सून पदरात तोंड लपवून आत पळाली. म्हातारं घमेलं उचलायला वाकलं ते बराच वेळ वाकूनच राहिलं.

संध्याकाळी नात म्हणाली, "चल, मी पण येते डेअरीत." एका हातात खोकं आणि दुसऱ्या हातानं माझ्या किटलीची कडी धरलेली. डेअरीत रोजच्या दुप्पट गर्दी. काही जण तर किटलीशिवाय आले होते. या वेळी सचिवानं माझी किटली पळीनं तीनदा ढवळली, नमुना स्वतः काढला, मशीनला लावला. फॅट सात पॉइंट एक, पाणी काहीच नाही. मला वाटलं, सुटले.

जाऊ मागून म्हणाली, "सकाळी घातलं, संध्याकाळी न्हाई घातलं. त्यात काय?"

लोकांनी माना हलवल्या. तेवढ्यात नातीनं खोकं टेबलावर ठेवलं, कात्री मागितली, कोपरा कापला आणि भरल्या डेअरीत खणखणीत आवाजात म्हणाली, "हे बदामाचं दूध आहे, माझं आहे. मला कुठल्याच जनावराचं दूध पचत नाही. सकाळी आजीनं हे तपासायला ओतलं होतं. आता तुम्ही ओता, सगळ्यांसमोर."

जे सांगायची मला लाज वाटत होती, ते पोरीनं माझ्यासाठी चारचौघांत सांगितलं. मी पदरानं नाक पुसलं.

मशीननं बदाम ओढले. भिंतीवर आलं, एक पॉइंट एक. पाणी तेवढंच, सकाळी होतं तेवढंच. सचिवानं सकाळची चिठ्ठी काढून शेजारी धरली आणि म्हणाला, "ही बदामं कुठल्या गावची? एवढं पाणी घालत्यात, अन् यांचं नाव कुनीच फळ्यावर लिहिलं न्हाई?"

हशा असा उठला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मग प्रत्येकाला चव बघायची होती. माझी डबी हातोहात फिरली. एक म्हणाला, आजारी माणसाची पेज. दुसरा म्हणाला, साखर बरी आहे. जाऊनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणखी एक घोट घेतला. मग गर्दीतून वाट काढत नातीजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "पोरी, हे कुठं मिळतं गं? दूध प्यालं की रात्रभर माझंबी पोट फुगतं. सांगनार कुनाला? दारात दोन म्हशी हायेत."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. भावकीत एवढं करावं लागतं.

आता तुला वाटेल, सगळं गोड झालं. तसं नाही. डेअरीतलं नाव धुऊन निघालं, पण दुसऱ्या दिवशी मी कपाकडं हात नेला तर सचिवानं पळी उचलली. "आजी, इथनं फुडं मीच काढतो. सगळ्यांसारखं." त्याचं बरोबरच आहे. त्यानं डोळे मिटून विश्वास टाकला होता आणि मी त्याच्या मशीनमध्ये बदाम घातले, वर त्याची डेअरी बंद पाडली ती वेगळी. "तुमचं तुमी वता" गेलं ते गेलं. पहिले काही दिवस किटली जड लागायची. आता मीच आधी दोन पावलं मागं सरते आणि म्हणते, "घे बाबा, नीट ढवळून घे." सवय होते माणसाला.

म्हातारं मात्र एका सकाळी न सांगता कुठंतरी गेलं. दुपारी बघते तर महाळुंगे पडवळकडून येणाऱ्या टेम्पोतून उतरतंय, हातात दोरी, दोरीला शेळी. अंगणात बांधली आणि माझ्याकडं न बघता म्हणालं, "साथीच्या दिवसांत शेळीचं दूध औषधी असतंय. घरात असावी एक." दुसऱ्या दिवशी मी गुळाचा चहा केला. त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटून गिळला आणि म्हणालं, "वास येतो." मग कप खाली ठेवला, आणि मी माझा संपवेपर्यंत समोर बसून राहिलं.

तर झालेलं हे असं आहे. इथं सगळ्यांना कळलं, पण तुमच्या ओतूरला अजून माझ्या दुधात पाणीच आहे. कारण जाऊनं लेकीला सकाळी फोन केला होता, संध्याकाळी केला नाही. जावेला मी विचारलं, तर म्हणाली, "बॅलन्स संपला व्हता." म्हणून हे काम आता तुझं. हा कागद वाचून झाला की घडी घालून डब्यात ठेवू नको. एसटीत बस आणि ये. तुझ्या आजोळच्यासारखा शेळीच्या दुधाचा चहा दोघी मिळून पिऊ. मग परत जाशील तेव्हा त्या मेथीवाल्या बाईला पूर्ण गोष्ट सांग, आणि जाताना तिच्याकडून जुडी घेऊ नको.

नात म्हणते, पुढच्या महिन्यात आठ दिवस राहायला येईन. तिची दोन खोकी इथंच ठेवून गेलीय. तुझं तू आधी कळव, म्हशीचं ठेवू, जर्शीचं ठेवू, बदामाचं का पिशवीचं. आता या घरात विचारल्याशिवाय कुणाच्या हातात ग्लास देत नाहीत. पण शेळीचं हवं असेल तर फार दिवस लावू नको गं. ती आटायच्या आत ये.